मंत्र्यांचे शिक्षण मोजायचे तर नियम आधी ठरवा : राज्यशास्त्र अभ्यास मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
राज्यशास्त्र अभ्यास मंडळे,
मराठवाड्यातील दोन्ही विद्यापीठे (छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड)

विषय : एम.ए.च्या संशोधन प्रकल्पासाठी ‘जगभरच्या मंत्र्यांची शैक्षणिक व सामाजिक पार्श्वभूमी’ हा सामाईक विषय घेण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प आला की विषयांची शोधाशोध सुरू होते. तालुक्यातल्या शंभर मतदारांना प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, बायंडिंग करून प्रत जमा करायची, ही वाट आता चांगलीच मळली आहे. पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला त्यातले काही उपयोगी पडत नाही. आमची सूचना अशी आहे की प्रत्येक विद्यार्थ्याने एका देशाचे एक मंत्रिमंडळ घ्यावे. त्यातल्या प्रत्येक मंत्र्याचे शिक्षण, राजकारणात येण्याआधीचा व्यवसाय आणि घरची परिस्थिती ठरावीक तक्त्यात भरावी. दरवर्षीचे तक्ते एकमेकांना जोडत जावेत. प्रवासखर्च नाही, इंटरनेट आणि चिकाटी पुरते. पण रकाने आणि नियम आधी ठरले नाहीत तर जितके विद्यार्थी तितक्या पद्धती होतील आणि कुठलाच तक्ता दुसऱ्याला जोडता येणार नाही. म्हणून प्रकल्प मंजूर करण्याआधी नियमपुस्तिका मंजूर करा, एवढे सांगण्यासाठी हे पत्र.

जगात हे काम झालेलेच नाही असा समज नको. ‘हूगव्ह’ हा विदासंच, म्हणजे माहितीचा मोठा तक्ता, २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १९६६ ते २०१६ या काळातल्या १७७ देशांच्या पन्नास हजारांहून अधिक मंत्र्यांची नावे, पक्ष, लिंग आणि खाती आहेत. मंत्र्यांचे शिक्षण आणि व्यवसाय नोंदवणारे ‘पाथ्स टू पॉवर’सारखे संच त्यानंतर आले. मग आपण नव्याने कशाला करायचे? एक कारण हूगव्हच्या रचनेतच आहे. त्यात दरवर्षी जुलै महिन्यातली यादी धरली आहे. चंद्रशेखर १० नोव्हेंबर १९९० ला पंतप्रधान झाले आणि २१ जून १९९१ ला पायउतार झाले. म्हणजे एका जुलैत व्ही. पी. सिंग, पुढच्या जुलैत नरसिंह राव, आणि मधले अख्खे सरकार जाळीतून निसटले. ब्रिटनमध्ये लिझ ट्रस यांचे २०२२ मधले ४९ दिवसांचे सरकार याच कारणाने अशा यादीत बसत नाही. दुसरे कारण असे की बापाची जमीन किती, शाळेचे माध्यम कोणते, हे प्रश्न आपल्याला महत्त्वाचे वाटतात. ते बाहेरच्या संचांत आपल्याला हवे तसे मिळणार नाहीत.

पहिला नियम मंत्री कोणाला म्हणायचे याचा हवा. हे सोपे वाटते, पण निम्मे घोळ इथेच होतात. आपल्याकडे ९१ व्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांच्या संख्येवर सभागृहाच्या १५ टक्क्यांची मर्यादा आली. महाराष्ट्रात २८८ आमदारांमागे मुख्यमंत्र्यांसह ४३ आणि केंद्रात ५४३ खासदारांमागे ८१. या आकड्यांत कॅबिनेट, स्वतंत्र कार्यभाराचे राज्यमंत्री आणि साधे राज्यमंत्री असे सगळे येतात. ब्रिटनची कॅबिनेट जेमतेम पंचवीसची असते, शिवाय बैठकीला ‘हजर राहणारे’ काही जण वेगळे असतात. भारताचे सगळे मंत्री आणि ब्रिटनची फक्त कॅबिनेट समोरासमोर ठेवली की फरक शिक्षणाचा न राहता दर्जाचा होतो. चीनमध्ये अडचण आणखी वेगळी आहे. तिथे खरी सत्ता मंत्रालयांपेक्षा कम्युनिस्ट पक्षाच्या पॉलिट ब्युरो या वरिष्ठ मंडळात असते. २००२ मध्ये निवडलेल्या त्याच्या स्थायी समितीचे नऊही सदस्य अभियांत्रिकी शिकलेले होते, पण ही पक्षाची समिती आहे, मंत्रिमंडळ नव्हे. दोन्हींच्या याद्या वेगळ्या ठेवाव्यात. आमच्या मते तुलनेसाठी फक्त कॅबिनेट दर्जा घ्यावा. राज्यमंत्री नोंदवायचे असतील तर दर्जाचा वेगळा रकाना करावा. तारीख शपथविधीची घ्यावी आणि नंतरचा प्रत्येक फेरबदल नव्या ओळीत यावा. खाते बदलले तरी माणूस तोच, म्हणून प्रत्येकाला एक कायमचा क्रमांक द्यावा. अरबी नावे तर रोमन लिपीत चार-चार स्पेलिंगांनी येतात. क्रमांक नसेल तर एकच मंत्री चार वेळा मोजला जातो.

आता माहिती कुठून काढायची ते पाहू. भारतापुरता सगळ्यात भक्कम कागद म्हणजे उमेदवारी अर्जासोबतचे शपथपत्र, नमुना २६. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ आणि २००३ च्या निकालांमुळे ते बंधनकारक झाले. त्यामुळे त्याआधीच्या मंत्र्यांसाठी ते मिळणार नाही. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर स्कॅन केलेली प्रत असते. ‘मायनेता’ या संकेतस्थळावर त्याचा गोषवारा मिळतो, पण नोंद करताना मूळ प्रतच उघडावी. शिक्षणाच्या रकान्यात फक्त सर्वोच्च शिक्षण, संस्थेचे नाव आणि उत्तीर्ण झाल्याचे वर्ष मागितले आहे. त्यामुळे शाळा कळत नाही, माध्यम कळत नाही, वकिलीच्या आधीची पदवी कोणत्या शाखेची तेही बहुतेक वेळा कळत नाही. एकाच माणसाची लागोपाठच्या निवडणुकांतली शपथपत्रे शेजारी ठेवून वाचावीत. वर्ष बदललेले दिसते, कधी संस्था बदललेली दिसते, क्वचित पदवीच गायब होते. असे दिसले तर कोणते खरे हे आपण ठरवायचे नाही. दोन्ही नोंदी वर्षासह ठेवायच्या. खोटी पदवी लिहिणे किती महागात पडू शकते हे मणिपूरच्या मोइरांग मतदारसंघाच्या खटल्यात दिसले. एम.बी.ए. असल्याची खोटी नोंद केल्यामुळे आमदाराची निवड रद्द झाली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला.

नमुना २६ सगळ्यांना लागू होत नाही, ही गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. राज्यपालांनी विधान परिषदेवर किंवा राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलेला सदस्य मंत्री झाला तर त्याने त्या जागेसाठी उमेदवारी अर्जच भरलेला नसतो. कुठल्याच सभागृहाचा सदस्य नसलेला माणूसही सहा महिने मंत्री राहू शकतो. अशांसाठी विधिमंडळाच्या संक्षिप्त परिचय पुस्तिका आणि लोकसभा-राज्यसभेची सदस्य परिचयपाने वापरावीत. तिथे पदव्या सविस्तर असतात, पण मजकूर सदस्याने स्वतः दिलेला असतो आणि त्यावर शपथ नसते. म्हणून प्रत्येक नोंदीशेजारी स्रोताचा प्रकार लिहायला हवा : शपथेवर दिलेली माहिती, स्वतः दिलेली माहिती, बातमी, की विकिपीडिया. विकिपीडियाचा उपयोग पत्ता सापडण्यापुरता. विकिडेटावर, म्हणजे विकिपीडियाच्या जोडीच्या माहितीसंग्रहावर, मात्र थोडा वेळ घालवण्यासारखा आहे. तिथे ‘शिक्षण कुठे झाले’ यासाठी पी६९ आणि ‘भूषवलेले पद’ यासाठी पी३९ असे गुणधर्म आहेत. एका देशाच्या मंत्र्यांची कच्ची यादी त्यावरून काही मिनिटांत निघते. तिच्यातल्या चुका मात्र हाताने काढाव्या लागतात.

परदेशांत कुठले दार ठोठवायचे हे राज्यपद्धतीवर अवलंबून आहे. ब्राझीलचे निवडणूक न्यायालय प्रत्येक उमेदवाराचे शिक्षण, व्यवसाय आणि २०१४ पासून वर्णसुद्धा खुल्या फायलींत देते. पण तिथे मंत्री राष्ट्राध्यक्ष नेमतो आणि कित्येक मंत्री कधी निवडणुकीला उभेच राहिलेले नसतात. त्यामुळे खजिना हाताशी असूनही मंत्र्यांसाठी तो अर्धाच कामाचा. फ्रान्समध्ये २०१३ च्या कायद्याने स्थापन झालेली पारदर्शकता संस्था मंत्र्यांची मालमत्ता आणि हितसंबंध प्रसिद्ध करते, पदवी नाही. नॉर्वेच्या संसदेच्या परिचयपानांवर सदस्याच्या आई आणि वडील दोघांचाही व्यवसाय लिहिण्याची प्रथा आहे : शेतकरी, गृहिणी, शिक्षिका, खलाशी. आपल्या लोकसभेच्या पानावर आई-वडिलांची नावे असतात, ते काय करत होते ते नसते. एवढा एकच रकाना वाढला तर भारतातल्या सामाजिक गतिशीलतेच्या अभ्यासाला केवढी मदत होईल.

सरकार बदलले की मंत्र्यांची परिचयपाने त्याच आठवड्यात उडतात. पान पाहिले त्याच दिवशी ‘वेबॅक मशीन’ या जुनी वेबपाने साठवणाऱ्या संकेतस्थळावर जतन करा आणि तो दुवा तक्त्यात टाका. हे नंतर करू म्हटले की राहतेच.

शिक्षणाची पातळी ठरवायला युनेस्कोची ० ते ८ ही आंतरराष्ट्रीय श्रेणी वापरावी. बारावी ३, पदवी ६, पदव्युत्तर ७, पीएच.डी. ८. आपल्याकडे बी.ए., एलएल.बी. ही जोडी मंत्र्यांत फार आढळते. एलएल.बी. पदवीनंतर केली म्हणून ती पदव्युत्तर होत नाही, पातळी ६ च राहते. हा नियम आधी लिहून ठेवला नाही तर अर्धे विद्यार्थी ७ लिहितात आणि भारताचे मंत्रिमंडळ अचानक उच्चविद्याविभूषित दिसू लागते. ‘डॉ.’ या उपाधीचे तीन अर्थ वेगळे करावे लागतात. वैद्यकीय पदवी, पीएच.डी. आणि मानद डी.लिट. शेवटचीला पातळी नसते. कार्यक्रमपत्रिकेत ती कितीही ठळक छापली असली तरी. ‘पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत’ अशी नोंद असेल तर पूर्ण केलेली पातळी धरायची, म्हणजे ३.

पातळीपेक्षाही विषय आणि संस्था यांतून जास्त कळते. चिलीत कॅथलिक विद्यापीठाने १९५६ मध्ये शिकागो विद्यापीठाशी करार केला. त्या वाटेने शिकून आलेले अर्थशास्त्रज्ञ १९७० च्या दशकात लष्करशहा पिनोशेच्या राजवटीत मंत्री झाले आणि देशाचे आर्थिक धोरण उलटेपालटे झाले. ‘पदव्युत्तर’ एवढीच नोंद केली असती तर यातले काहीच दिसले नसते. चिनी अधिकाऱ्यांच्या अधिकृत परिचयात पूर्णवेळ घेतलेली पदवी आणि नोकरी सांभाळून घेतलेली पदवी असा भेद केलेला असतो. शी जिनपिंग यांची डॉक्टरेट दुसऱ्या प्रकारची आहे. हा भेद आपल्या तक्त्यातही हवा, कारण आपल्याकडेही मुक्त विद्यापीठातून पद मिळाल्यानंतर पदवी घेणारे आहेतच. त्यात कमीपणा काही नाही. पण मंत्री होण्याआधीचे शिक्षण आणि नंतरचे शिक्षण एका रकान्यात घातले तर कारण आणि परिणाम यांची अदलाबदल होते.

पदवी खरी असूनही टिकत नाही, याचे धडे जर्मनीने दिले. संरक्षणमंत्री गुटेनबर्ग यांनी प्रबंधातील उचलेगिरी उघड झाल्यावर मार्च २०११ मध्ये राजीनामा दिला. २०१३ मध्ये शिक्षणमंत्री शावान आणि २०२१ मध्ये कुटुंबकल्याणमंत्री गिफाय याच कारणाने गेल्या. पाकिस्तानात वेगळेच घडले. २००२ मध्ये संसदेसाठी पदवीची अट आली, मदरशांची प्रमाणपत्रे समकक्ष धरली गेली, २००८ मध्ये न्यायालयाने ती अट काढली आणि २०१० मध्ये पडताळणी सुरू झाल्यावर बनावट पदव्यांचा ढीग बाहेर आला. त्या काळातल्या नोंदी वापरताना हे लक्षात ठेवावे. कायद्याने पदवी मागितली की कागदावर पदवीधर वाढतात. म्हणून ‘सांगितलेली’, ‘पडताळलेली’ आणि ‘रद्द झालेली’ असे तीन रकाने करावेत. रद्द झाली म्हणून जुनी नोंद खोडायची नाही. मंत्रिपद मिळाले तेव्हा ती होती.

सामाजिक पार्श्वभूमीकडे आलो की काम अवघड होते. ब्रिटनमध्ये यासाठी एक साधा प्रश्न रूढ आहे : तुम्ही चौदा वर्षांचे असताना घरातला मुख्य कमावता माणूस काय काम करत होता? दुसरा निकष शाळेचा. सटन ट्रस्ट या तिथल्या संस्थेच्या पाहणीनुसार २०१६ मध्ये थेरेसा मे यांच्या कॅबिनेटमध्ये ३० टक्के आणि २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन यांच्या कॅबिनेटमध्ये ६४ टक्के मंत्री खासगी शाळांत शिकलेले होते. देशात अशा शाळांत जाणारे साधारण ७ टक्के. पक्ष एकच, पदव्या बहुतेकांकडे, तरी तीन वर्षांत एवढा फरक. आपल्याकडे शाळा कोणती हे शोधायला मुलाखती, गौरवग्रंथ, शाळांचे सुवर्णमहोत्सवी अंक चाळावे लागतात. जिल्हा परिषदेची, संस्थेची की इंग्रजी माध्यमाची, एवढे तीन भेद केले तरी पुष्कळ हाती येते.

व्यवसायाच्या रकान्यात ‘शेती’ आणि ‘समाजसेवा’ हे दोन शब्द सगळे झाकून टाकतात. कोरडवाहू पाच एकरवाला शेतकरी आणि साखर कारखान्याचा अध्यक्षही शेतकरीच. शेतीचे उत्पन्न आयकरातून मुक्त असल्यामुळे विवरणपत्रातूनही उलगडा होत नाही. यावर उपाय त्याच शपथपत्रात आहे. स्थावर मालमत्तेच्या भागात शेतजमिनीचा गट क्रमांक, क्षेत्र, खरेदीची तारीख आणि ‘वारसाहक्काने मिळाली का’ हा प्रश्न असतो. वारसा ‘होय’ असलेल्या जमिनीची बेरीज वेगळी काढा. खरेदीची वेगळी काढा. पहिली बेरीज वडिलांच्या घराची परिस्थिती सांगते, दुसरी राजकारणातल्या वर्षांची. वारशाचे क्षेत्र मोजायला १९६१ च्या सीलिंग (कमाल जमीनधारणा) कायद्याची पट्टी सोयीची पडते. कोरडवाहूला ५४ एकर, बारमाही बागायतीला १८ एकर. वाटण्या झालेल्या असतात, म्हणून क्षेत्र कमी दिसले तरी लगेच गरीब म्हणू नये. भावांची शपथपत्रे मिळाली तर तीही पाहावीत.

जातीबाबत एकच नियम, आणि तो मोडता कामा नये. आडनावावरून जात लिहायची नाही. पाटील मराठा असतात, लिंगायत असतात, जैन आणि मुसलमानही असतात. देशमुखांचे तेच. चव्हाण, जाधव, पवार ही आडनावे मराठ्यांत आहेत तशी बंजारा समाजातही आहेत. नमुना २६ मध्ये जातीचा रकाना नाही. राखीव मतदारसंघावरून प्रवर्ग कळतो, जात नाही. मंत्र्याने स्वतः जाहीरपणे सांगितले असेल किंवा अधिकृत नोंद असेल तरच लिहावे, नाहीतर ‘माहिती नाही’. फ्रान्समध्ये वांशिक नोंदींवर कायद्याचीच कडक बंधने आहेत. तिथल्या मंत्र्यांसाठी हा रकाना कोरा राहील, हे गृहीत धरून चालावे.

मराठवाड्यातल्या जुन्या पिढीसाठी नियमपुस्तिकेत स्वतंत्र प्रकरण लागेल. १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात. उस्मानिया विद्यापीठ १९१८ पासून उर्दू माध्यमाचे. मराठवाडा विद्यापीठ १९५८ चे. त्यामुळे त्या पिढीतला मंत्री हैदराबादला शिकला म्हणजे घरी पैसा होता असे समजायचे कारण नाही. जवळ दुसरे विद्यापीठच नव्हते. शंकरराव चव्हाण आणि शिवराज पाटील चाकूरकर दोघेही उस्मानियात शिकले. १९३८ च्या वंदे मातरम् आंदोलनात उस्मानियातून काढलेले विद्यार्थी नागपूरला गेले, त्यांची पदवी नागपूरची दिसते. जन्मस्थळही फसवते. प्रमोद महाजन अंबाजोगाईचे, जन्म मात्र महबूबनगरचा, जे आज तेलंगणात आहे. जन्मस्थळ, शाळेचे गाव आणि मतदारसंघ असे तीन रकाने केले की हा प्रश्न सुटतो.

त्या काळच्या कागदांवर फसली सन, म्हणजे महसुली वर्ष, असतो. हैदराबादचा फसली ऑक्टोबरात सुरू होई, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबरसाठी ५९० आणि पुढच्या महिन्यांसाठी ५९१ मिळवायचे. १३५८ फसलीतला उन्हाळा म्हणजे १९४९ चा. जन्मतारखेचा घोळ तर सगळ्यांच्या परिचयाचा आहे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहिले आणि ते कायमचे चिकटले. अफगाणिस्तान, सुदान या देशांत तेच काम १ जानेवारी करते. अशी तारीख दिसली की वर्ष ठेवावे आणि शेजारी ‘तारीख अंदाजे’ अशी खूण करावी. त्यात एक्सेलची भर पडते. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर १/६/१९५२ ची ६ जानेवारी होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. दिवस, महिना, वर्ष वेगळ्या रकान्यांत टाइप करावेत.

कोऱ्या रकान्यांबद्दल थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण प्रबंध इथेच बुडतात. ० म्हणजे औपचारिक शिक्षण नाही. ९८ म्हणजे शोधले, सापडले नाही. ९९ म्हणजे अजून शोधलेच नाही. रकाना रिकामा ठेवायचा नाही, सूत्रात तो शून्य होऊन बसतो. शिवाय न सापडलेली माहिती योगायोगाने हरवलेली नसते. परदेशी पदवी असलेला मंत्री ती स्वतःच सांगत फिरतो. नववी सोडलेला गप्प राहतो. समजा २५ मंत्री आहेत, २० जणांचे शिक्षण सापडले आणि त्यातले १८ पदवीधर निघाले. ‘९० टक्के पदवीधर’ असे लिहिणे चूक. खरा आकडा ७२ ते ९२ टक्क्यांमध्ये कुठेतरी आहे आणि तसाच छापावा. तुलनाही आजच्या लोकसंख्येशी करू नये. साठीच्या मंत्र्याची तुलना त्याच्या वयाच्या लोकांशी करावी, कारण त्यांच्या तरुणपणी महाविद्यालयात पोहोचणारेच मोजके होते.

कामाचा अंदाज द्यायचा तर एका मंत्र्याला तास-दीड तास धरावा. पंचवीस जणांची कॅबिनेट एका सत्रात आरामात होते. दर दहापैकी एक मंत्री दुसऱ्या विद्यार्थ्याने पहिल्याचे न पाहता भरावा. दोघांच्या नोंदींचा कोहेन कप्पा (नोंदी किती जुळतात याचे माप) ०.८ च्या खाली आला तर दोष विद्यार्थ्याचा कमी, नियमाचा जास्त. अशा वेळी नियम दुरुस्त करून तो रकाना सगळ्यांनी पुन्हा भरावा. मंत्र्यांची मुले, घरचे पत्ते, आजारपण यांच्या नोंदी नकोत. अभ्यासाला त्यांची गरज नाही.

आपल्याकडे मागणे तीनच. दोन्ही मंडळांनी मिळून एकच नियमपुस्तिका मराठीत मंजूर करावी. पहिल्या वर्षी भारत, नेपाळ, श्रीलंका, बांगलादेश आणि पाकिस्तान एवढेच देश द्यावेत, म्हणजे पदव्यांची नावे ओळखीची राहतील. आणि प्रकल्पाचे गुण देताना बांधलेल्या प्रतीसोबत तक्त्याची फाईल व स्रोतांचे जतन केलेले दुवे जमा करणे सक्तीचे करावे. नियमपुस्तिकेचा कच्चा मसुदा आणि रिकामा तक्ता द्यायला आम्ही तयार आहोत. मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय आला तर त्याआधी पंधरा दिवस तो सदस्यांच्या हाती पडेल असे पाहू.

आपले,
मंत्र्यांच्या पार्श्वभूमीच्या नोंदी ठेवणारे काही अभ्यासक
लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर